वाचकांचे प्रश्न : प्रतिपिंडे स्पाइक प्रथिनाला नेमकी कुठे धरतात?

कोरोना विषाणू आणि प्रतिपिंडे (अँटीबॉडी) यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकमेकांशी जोडलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पुढील सर्व विवेचन कोविड-१९ ज्याच्यामुळे होतो त्या सार्स-कोव्ह-२ या विषाणूसंबंधी आहे.

प्रश्न : प्रतिपिंडे विषाणूला ‘ओळखतात’ असे सर्वत्र लिहिलेले आढळते. रेणूला ना डोळे, ना मेंदू. मग ही ओळख पटते म्हणजे प्रत्यक्षात काय घडते?

उत्तर : प्रतिपिंड विषाणूला ओळखत नाही, आणि काटेकोर बोलायचे तर विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यासारख्या उभ्या असलेल्या संपूर्ण स्पाइक प्रथिनालाही ओळखत नाही. त्याचा संबंध येतो तो या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील साधारण पंधरा ते पंचवीस अमिनो आम्लांच्या (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांच्या) एका छोट्या पट्ट्याशी. या पट्ट्याला एपिटोप म्हणतात. त्याचे उंचसखल रूप आणि त्यावरील विद्युतभारांची मांडणी प्रतिपिंडाच्या टोकाशी जुळते की नाही, एवढ्यावरच सारे ठरते.

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्यात दोन जड आणि दोन हलक्या प्रथिन-साखळ्या असून प्रत्येक भुजेच्या टोकाशी सहा लवचीक वळसे असतात : तीन जड साखळीचे, तीन हलक्या साखळीचे. निरनिराळ्या प्रतिपिंडांमध्ये जो फरक असतो तो मुख्यतः या वळशांमध्ये, आणि त्यातही जड साखळीच्या तिसऱ्या वळशामध्ये सर्वाधिक असतो. शरीरातील द्रवात उष्णतेमुळे रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात. बहुतेक वेळा प्रतिपिंड एखाद्या प्रथिनावर आदळते आणि क्षणार्धात सुटून जाते. जिथे मात्र वळशांवरील धनभार समोरच्या ऋणभारासमोर येतो, पाण्यापासून दूर पळणारे दोन्हीकडचे गट एकमेकांना टेकून मधले पाणी बाहेर ढकलतात आणि योग्य अंतरावर हायड्रोजन बंध जुळतात, तिथे प्रतिपिंड टिकून राहते. यांतील प्रत्येक आकर्षण स्वतंत्रपणे अगदी क्षीण असते आणि काही दशांश नॅनोमीटरच्या पलीकडे त्याचा प्रभावही पोहोचत नाही. पण अशी डझनावारी आकर्षणे एकाच वेळी जमून आली की ही जोडी काही मिनिटे, कधी काही तास सुटत नाही. या टिकण्यालाच आपण ‘ओळख’ म्हणतो. समजावून सांगताना येथे कुलूप आणि किल्लीचा दाखला देण्याची पद्धत आहे. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण येथे दोन्ही पृष्ठभाग थोडेफार वाकतात आणि जुळताना एकमेकांना आकार देतात.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही जुळणी विषाणूला पाहून केलेली नसते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी तयार होत असताना त्यांच्यातील जनुकखंडांची यादृच्छिक जोडणी होते आणि प्रत्येक पेशीला आपापला वेगळा प्रतिपिंड-नमुना मिळतो. विषाणू शरीरात येतो तेव्हा ज्या मोजक्या पेशींचा नमुना त्याच्या एखाद्या पट्ट्याशी थोडाफार जुळतो त्या निवडल्या जातात आणि वाढतात. नमुना आधी असतो, शत्रू नंतर येतो.

प्रश्न : स्पाइक प्रथिनाची रचना कशी असते आणि प्रतिपिंडे त्याच्या कोणत्या भागावर बसतात?

उत्तर : स्पाइकची एक साखळी १२७३ अमिनो आम्लांची असते आणि अशा तीन साखळ्या एकत्र गुंफून एक काटा तयार होतो. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका विषाणूवर असे साधारण २५ ते ४० काटे असतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवरील काट्यांच्या दाट गर्दीपुढे ही संख्या फारच विरळ आहे. प्रत्येक साखळीचे दोन भाग असतात. एस-१ हा वरचा भाग पेशीला पकडतो आणि एस-२ हा खालचा भाग विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करतो.

एस-१मध्ये साखळीतील साधारण ३१९ ते ५४१ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांदरम्यान पेशीशी जोडला जाणारा खंड असतो. संशोधक त्याला आरबीडी म्हणतात. मानवी पेशीवरील एसीई-२ नावाच्या प्रथिनाला हाच खंड धरतो. तिन्ही साखळ्यांचे आरबीडी कधी खाली मिटलेले असतात, तर कधी त्यांतील एखादा वर उचललेला असतो. एसीई-२ला धरायचे तर आरबीडी वर उचलला जावाच लागतो. काट्याची ही रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या साह्याने फेब्रुवारी २०२०मध्येच, म्हणजे महामारीच्या अगदी आरंभी, प्रसिद्ध झाली होती.

प्रतिपिंडे काट्यावर जवळपास सर्वत्र बसू शकतात. परंतु आजारातून बरे झालेल्या लोकांच्या रक्तद्रवाचा २०२०मध्ये जो अभ्यास झाला त्यात विषाणूला निष्प्रभ करण्याच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे ९० टक्के वाटा आरबीडीवर बसणाऱ्या प्रतिपिंडांचा आढळला. उरलेल्यांपैकी काही एस-१च्या आरंभीच्या खंडावर, म्हणजे एनटीडीवर, बसतात आणि काही एस-२वर.

प्रश्न : मी खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा माझ्या रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा बराच मोठा आला. याचा अर्थ माझ्या शरीरात विषाणूला रोखले जाईल असा घ्यावा का?

उत्तर : थेट तसा अर्थ घेता येत नाही. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये होणारी तपासणी प्रतिपिंडे चिकटतात की नाही हे मोजते. स्पाइक किंवा त्याचा एखादा खंड तबकडीवर बसवलेला असतो, त्यावर रक्तद्रव सोडला जातो आणि धुतल्यानंतरही जी प्रतिपिंडे चिकटून राहतात त्यांचे प्रमाण रंगाच्या किंवा प्रकाशाच्या तीव्रतेवरून काढले जाते. ती कुठे चिकटली आहेत आणि तिथे चिकटल्याने विषाणूचे काही अडते का, हे या पद्धतीत कळत नाही. काही तपासण्या तर स्पाइकऐवजी विषाणूच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजतात. हे प्रथिन विषाणूच्या आवरणाच्या आत असल्याने अखंड विषाणूवर ती प्रतिपिंडे पोहोचूच शकत नाहीत. पूर्वी संसर्ग होऊन गेला आहे का, हे पाहण्यासाठी ती तपासणी उपयोगी आहे, त्यापलीकडे नाही.

चिकटण्यात आणि निष्प्रभ करण्यात किती अंतर असू शकते याचे ठळक उदाहरण म्हणजे सीआर-३०२२ हे प्रतिपिंड. पूर्वीच्या सार्सच्या साथीतून बऱ्या झालेल्या रुग्णाच्या पेशींपासून ते मिळवलेले होते. नव्या विषाणूच्या आरबीडीवरही ते चांगले बसते असे २०२०च्या सुरुवातीस दिसले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. त्याचा एपिटोप मात्र आरबीडीच्या अशा आतल्या बाजूला आहे की किमान दोन आरबीडी वर उचललेले असतील तेव्हाच तो उघडा पडतो, आणि तो एसीई-२ला धरणाऱ्या जागेपासूनही दूर आहे. अनेक चाचण्यांमध्ये या प्रतिपिंडाने विषाणूला रोखले नाही. सुट्या आरबीडीवर उत्तम पकड, पण जिवंत विषाणूपुढे निष्फळ असा हा प्रकार होता.

निष्प्रभ करण्याची क्षमता मोजण्याची पद्धत वेगळीच असते. रक्तद्रव क्रमाने पातळ करत नेतात, प्रत्येक पातळीवर तो विषाणूमध्ये मिसळून काही काळ ठेवतात आणि मग ते मिश्रण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरावर सोडतात. जिथे विषाणू शिरकाव करतो तिथे पेशी मरतात आणि थरात बारीक चट्टे पडतात. ज्या पातळीला हे चट्टे निम्म्यावर येतात तो त्या रक्तद्रवाचा निष्प्रभावक टायटर. जिवंत विषाणू हाताळायचा असल्याने ही चाचणी उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करावी लागते. म्हणून पुष्कळदा दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर फक्त स्पाइक बसवून हेच काम केले जाते. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२०मध्ये एक संदर्भ-नमुना ठरवून दिला; त्यापूर्वीच्या आकड्यांची सरसकट तुलना करणे धोक्याचे आहे.

मोठ्या लोकसमूहाचा विचार केला तर निष्प्रभावक टायटर आणि लक्षणांसह होणाऱ्या आजारापासूनचे संरक्षण यांचा संबंध स्पष्ट दिसतो. एका व्यक्तीने एका दिवशी काढलेल्या एका आकड्यावरून मास्क वापरावा की नाही हे ठरवणे मात्र मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : प्रतिपिंड एसीई-२ला धरण्याची जागा झाकते म्हणून विषाणू अडतो, असे वाचले होते. केवळ हाच एक मार्ग आहे का?

उत्तर : तो सर्वांत सरळ आणि सर्वाधिक आढळणारा मार्ग आहे, एकमेव नाही.

जागा झाकणाऱ्या प्रतिपिंडांचेही दोन गट पडतात. पहिल्या गटातील प्रतिपिंडे आरबीडी वर उचललेला असेल तेव्हाच बसू शकतात. दुसऱ्या गटातील प्रतिपिंडे तो खाली मिटलेला असतानाही बसतात. या दुसऱ्या गटातील काही तर शेजारच्या दोन आरबीडींना एकदमच पकडून ठेवतात आणि काटा मिटलेल्या अवस्थेतच अडकून पडतो. जोडणीचा बळकटपणाही येथे महत्त्वाचा ठरतो. एसीई-२ आणि आरबीडी यांची परस्परांतील पकड काही नॅनोमोलर ते काही दशक नॅनोमोलर या पातळीची असते (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). चांगल्या प्रतिपिंडाची पकड एक नॅनोमोलरपेक्षाही घट्ट असते आणि त्यामुळे अगदी थोड्या प्रमाणात असले तरी ते एसीई-२शी होणाऱ्या स्पर्धेत जिंकते.

एस-३०९ या प्रतिपिंडाची गोष्ट निराळी आहे. २००३मध्ये सार्स झालेल्या एका व्यक्तीच्या स्मृतिपेशींपासून (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या बी पेशींपासून) ते मिळाले आणि पुढे त्यावरून सोट्रोव्हिमॅब हे औषध तयार झाले. ते एसीई-२च्या जागेवर बसत नाही, त्या जागेला अडवतही नाही. आरबीडीच्या कडेला ३४३ क्रमांकाच्या ॲस्पराजिनवर एक शर्करा-साखळी लटकलेली असते. हे प्रतिपिंड तिला चुकवत नाही, उलट प्रथिनाबरोबर तिलाही धरते. त्यामुळे विषाणू पेशीला टेकू शकत असला तरी पुढची पायरी बिघडते, आणि शिवाय प्रतिपिंडाचा खालचा दांडा रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेतो. ही जागा सार्स-वर्गातील विषाणूंमध्ये फारशी बदललेली नाही, म्हणूनच सतरा वर्षांपूर्वीच्या विषाणूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड नव्या विषाणूवरही लागू पडले.

यांखेरीज काही प्रतिपिंडांच्या बसण्याने काट्याची घडी मोडते आणि एस-१ भाग वेळेआधीच गळून पडतो. असा काटा पुन्हा कामाचा राहत नाही. काही प्रतिपिंडे आपल्या दोन भुजांनी दोन विषाणूंना जोडून त्यांचे पुंजके करतात. परंतु काटे विरळ असल्याने एकाच विषाणूवरील दोन काट्यांना दोन्ही भुजांनी धरणे या विषाणूच्या बाबतीत अवघड असते.

प्रश्न : एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रतिपिंड निरुपयोगी कसे होते? शेकडो अमिनो आम्ले तर तशीच असतात.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर स्पाइकच्या साखळीतील ४८४ या एका क्रमांकाच्या अमिनो आम्लाकडे पाहिले की पुरते मिळते.

आरबीडीच्या अगदी टोकावरील उंचवट्यावर मूळ विषाणूत ४८४व्या स्थानी ग्लुटॅमिक आम्ल होते, आणि त्यावर ऋणभार असतो. औषध म्हणून वापरलेल्या बॅमलॅनिव्हिमॅब या प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या अशा दोन्ही साखळ्यांवरील धनभारित आर्जिनिन नेमके याच ऋणभाराला धरून असते. दक्षिण आफ्रिकेत २०२०च्या अखेरीस लक्षात आलेल्या बीटा प्रकारात या स्थानी लायसिन आले, आणि लायसिनवर धनभार असतो. जिथे आकर्षण होते तिथे प्रतिकर्षण आले. शिवाय लायसिनची बाजूची साखळी अधिक लांब असल्याने तेवढ्या अरुंद जागेत तिची अडचणही होते. बाकीचे पंधरा-वीस संपर्कबिंदू शाबूत असूनही केवळ हा एक आधार निसटल्यामुळे पकड सुटली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२०मध्ये तातडीच्या वापरासाठी परवानगी मिळालेल्या या औषधाचा एकट्याने वापर करण्याची परवानगी एप्रिल २०२१मध्ये मागे घेण्यात आली, ती अशा बदललेल्या प्रकारांचा प्रसार वाढल्यामुळे.

४१७ क्रमांकाची कथा अधिक रंजक आहे. तिथे मुळात धनभारित लायसिन होते. आरबीडीवर बसणारी पहिल्या गटातील पुष्कळ प्रतिपिंडे निरनिराळ्या व्यक्तींच्या शरीरांत जवळपास एकाच नमुन्याची तयार होतात, कारण ती व्हीएच ३-५३ आणि व्हीएच ३-६६ या दोन जनुकखंडांपासून बनतात. या खंडांचे पहिले दोन वळसे मुळातच आरबीडीशी जुळणारे असल्याने फारशी सुधारणा न होताही ती चांगली पकड घेतात. यांतील बरीच प्रतिपिंडे ४१७च्या लायसिनवर विसंबून असतात. हजारो माणसांची प्रतिपिंडे एकाच ठिकाणी बसू लागली म्हणजे विषाणूवरील निवडीचा दबावही त्याच ठिकाणी पडतो, आणि बीटा, गॅमा व पुढे ओमिक्रॉन या तिन्ही प्रकारांमध्ये ४१७ बदललेला आढळला. परंतु हा बदल विषाणूला फुकट मिळाला नाही. तेच लायसिन एसीई-२च्या ऋणभारित अमिनो आम्लालाही धरत असल्याने ते गेल्यावर विषाणूची पेशीवरील पकडही सैल झाली. ती भरून काढली ५०१व्या स्थानी ॲस्पराजिनच्या जागी आलेल्या टायरोसिनने. एसीई-२शी जुळणे आणि प्रतिपिंडांना चुकवणे या दोन गरजा एकाच पृष्ठभागावर एकमेकींना ओढत असतात. विषाणू वाटेल तिथे वाटेल तसा बदलू शकत नाही तो याच कारणाने.

नोव्हेंबर २०२१मध्ये जाहीर झालेल्या ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये ३०हून अधिक बदल होते आणि त्यांतील सुमारे १५ एकट्या आरबीडीत होते. एनटीडीवर तर निव्वळ अमिनो आम्ले बदलत नाहीत, काही गळूनही जातात. डेल्टामध्ये १५६-१५७ क्रमांकांपाशी असे झाले, त्यामुळे तिथला संपूर्ण वळसा सरकला आणि त्यावर बसणारी प्रतिपिंडे निकामी ठरली. तरीही सामान्य माणसाच्या रक्तात एकाच प्रकारचे प्रतिपिंड नसते. निरनिराळ्या ठिकाणी बसणारी अनेक प्रतिपिंडे एकत्र असतात आणि म्हणून रक्तद्रवाची क्षमता पुष्कळ घटली तरी सहसा शून्यावर येत नाही.

प्रश्न : स्पाइकवर शर्करेचे आवरण असते असे म्हणतात. मग प्रतिपिंडांना जागा मिळते कुठे?

उत्तर : प्रत्येक साखळीवर शर्करा जोडली जाण्याच्या २२ जागा असतात, म्हणजे पूर्ण काट्यावर ६६. ही शर्करा विषाणू स्वतः बनवत नाही, आपल्याच पेशीतील यंत्रणा ती जोडते. त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती परकी वाटत नाही. एचआयव्हीच्या काट्याशी तुलना केली तर हे आवरण बरेच विरळ आहे. शिवाय एसीई-२ला ज्या भागाने धरायचे तो भाग उघडा ठेवणे विषाणूला भागच असते. १६५ आणि २३४ या क्रमांकांवरील शर्करा तर आरबीडी वर उचलून धरण्यास आधार देते, म्हणजे ती निव्वळ लपण्यासाठी नाही.

प्रश्न : लशींमध्ये स्पाइकची जी रचना वापरली तीत मुद्दाम बदल केला होता, असे ऐकले. तो का?

उत्तर : काटा पेशीत शिरताना आपली घडी पूर्णपणे बदलतो आणि एकदा बदललेली घडी परत पूर्ववत होत नाही. त्या नंतरच्या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे विषाणू रोखण्याच्या दृष्टीने फारशी कामाची नाहीत. म्हणून ९८६ आणि ९८७ या सलग दोन स्थानी प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल घालून काटा आधीच्या रूपातच गोठवण्यात आला. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही एमआरएनए लशींमध्ये हीच युक्ती आहे. मर्स आणि इतर कोरोना विषाणूंवरील आधीच्या संशोधनातून ती हाताशी होती, ही गोष्ट लस ‘घाईत’ आली असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

प्रश्न : काही महिन्यांनी प्रतिपिंडे कमी होतात, मग उरलेली जुनी प्रतिपिंडे दुबळी असतात का?

उत्तर : उलट, ती बहुधा अधिक चांगली असतात. रक्तातील आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडाचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असते, त्यामुळे सुरुवातीची लाट ओसरणे स्वाभाविक आहे. दरम्यान लसीका ग्रंथींमधील जननकेंद्रांत बी पेशींच्या प्रतिपिंड-जनुकांमध्ये जाणीवपूर्वक म्हणावे अशा वेगाने उत्परिवर्तने होत राहतात, आणि स्पाइकला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशी टिकतात. संसर्गानंतर सहा महिन्यांनी तपासलेल्या स्मृतिपेशींची प्रतिपिंडे आधीच्यांपेक्षा अधिक सुधारलेली आणि बदललेल्या प्रकारांना अधिक दाद न देणारी आढळली. प्रमाण घटते, गुणवत्ता वाढते. अहवालातील आकडा यांतील फक्त पहिली गोष्ट दाखवतो.

प्रश्न : दोन प्रतिपिंडे एकत्र देऊन विषाणूची पळवाट बंद करता येणार नाही का?

उत्तर : कल्पना योग्य होती. कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅब ही प्रतिपिंड-औषधांची जोडी आरबीडीवरील दोन वेगवेगळ्या जागी बसते, त्यामुळे एका बदलाने दोन्ही एकदम निसटू नयेत अशी अपेक्षा होती. ओमिक्रॉनने दोन्ही जागा बदलल्या. सोट्रोव्हिमॅब ओमिक्रॉनच्या पहिल्या रूपापुढे टिकले, पण बीए-२ या उपप्रकारापुढे त्याची शक्ती बरीच कमी पडली आणि एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेतील त्याचा वापर थांबला. बेब्टेलोव्हिमॅब या आणखी एका प्रतिपिंड-औषधावर तीच वेळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. आरबीडीचे टोक हे उत्तम लक्ष्य असले तरी तेच सर्वाधिक बदलणारे आहे, ही या औषधांची मूळ अडचण आहे. म्हणून आता एस-२ भागातील देठासारख्या भागाकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे. हा भाग मर्ससह अनेक कोरोना विषाणूंमध्ये जवळपास सारखा असतो आणि त्यावर बसणारी प्रतिपिंडे अनेक विषाणूंना लागू पडतात. अडचण ही की हा भाग काट्याच्या बुडाशी झाकलेला असतो आणि घडी बदलतानाच्या थोड्या वेळापुरताच नीट उघडा पडतो, त्यामुळे या प्रतिपिंडांची निष्प्रभ करण्याची ताकद आरबीडीवरील चांगल्या प्रतिपिंडांच्या तुलनेत अद्याप बरीच कमी आहे.